"आई, तुम्ही बाहेर थांबा": कोकणातल्या रुग्णालयांना बालवॉर्डातल्या परिचारिकांचं खुलं पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग,
उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक,
आणि किनारपट्टीवर बालरुग्णालयं चालवणारे सर्व डॉक्टर

विषय: लहान मुलांच्या सुया, सलाईन, ड्रेसिंग आणि वॉर्डातला मुक्काम

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की बालवॉर्ड भरतो. डेंग्यू, लेप्टो, न्यूमोनिया, जुलाब, मधूनच विंचू, मधूनच फुरसं. भरती मात्र सगळ्यांची एकाच चालीनं होते. केसपेपर, वजन, मग "आई, तुम्ही बाहेर थांबा", आणि दार बंद. मामा पाय धरतात, मावशी डोकं धरतात, एक सिस्टर हात आवळते आणि दुसरी शीर शोधते. हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नाही. मूल आहे, रडणारच.

या पद्धतीनं मुलाला त्रास होतो हे सगळ्यांना दिसतं. ती कामही बिघडवते, हे फारसं कुणी बोलत नाही. घाबरलेल्या, आवळून धरलेल्या मुलाचं रक्त नीट येत नाही, श्वास चुकीचे मोजले जातात, वाफेचं औषध फुप्फुसापर्यंत पोचत नाही आणि कशीबशी लावलेली सुई दुसऱ्या दिवशी सुजते. दयामाया घटकाभर बाजूला ठेवा आणि निव्वळ कामाचा हिशेब म्हणून हे पत्र वाचा, एवढी विनंती.

प्लेटलेटपासूनच सुरुवात करू, कारण जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे सगळ्यांची झोप प्लेटलेटच उडवतात. मूल झटापट करतंय, रक्त थेंबथेंब येतंय, म्हणून हात पिळला जातो, नाहीतर बोट दाबलं जातं. रक्ताबरोबर त्वचेखालचा द्रव येतो, जांभळ्या झाकणाच्या बाटलीत पोचेपर्यंत रक्तात बारीक गुठळ्या धरतात आणि प्लेटलेट त्या गुठळ्यांत अडकतात. मशीन उरलेल्या प्लेटलेट मोजतं आणि आकडा खोटा कमी येतो. मग १०८ बोलवा, रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर, नाहीतर सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळी. तिथं पुन्हा रक्त काढलं की प्लेटलेट बऱ्या निघतात. तीच गत पोटॅशियमची. पिळून काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट भलताच वाढलेला दिसतो. उपाय साधा आहे. रक्त आपसूक वाहत असेल तेवढंच घ्यावं, पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवू नये, बाटली जोरात न हलवता हळुवार आठ-दहा वेळा उलटीसुलटी करावी, आणि कमी आलेला आकडा रेफरच्या कागदावर चढण्याआधी स्लाईडवर पाहून घ्यावा. पण रक्त आपसूक वाहायला मूल शांत हवं. सगळी गाडी तिथंच येऊन थांबते.

श्वासांचंही तसंच. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतचं ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर तो जलद श्वास, हे आशाताईंनाही पाठ आहे. रडणारं धडधाकट मूलही हे आकडे सहज ओलांडतं. म्हणून मोजायचे ते आईच्या मांडीवर, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण लहान बाळ मधूनच थांबून श्वास घेतं. ब्लडप्रेशर रडत्या मुलाचं घेऊच नये, आणि मोठ्यांच्या पट्ट्यानं तर कधीच नाही. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. ती कमी असली की ब्लडप्रेशर खोटं वाढतं, फार मोठी असली की खोटं उतरतं.

नेब्युलायझरनं औषधाची वाफ देताना मास्क नाकासमोर चार बोटं लांब धरण्याची सवय आपल्याकडे घरोघर आणि वॉर्डोवॉर्डी आहे. तशी वाफ खोलीला मिळते, मुलाला नाही. मास्क चेहऱ्याला चिकटून हवा, कपातलं एकूण द्रावण सलाईन घालून ४ मिली करावं आणि ऑक्सिजनवर चालवायचं तर मिनिटाला ६ ते ८ लिटर. पण मास्क चिकटवला की मूल रडतं आणि रडण्यात औषधाचा मोठा भाग घशात आणि पोटात जातो. आईनं आधी स्वतःच्या तोंडाला मास्क लावून दाखवायचा, मग बाहुलीला, मग मुलाला. दोन मिनिटांचं काम आहे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर. एका वेळी एकच फवारा, त्यावर पाच-सहा श्वास, मग दुसरा. वीज गेली तरी चालतो, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आम्ही सांगायला नको.

आता आईला बाहेर काढण्याबद्दल. "आई रडते, आईला चक्कर येते, आई असली की मूल जास्त रडतं" ही तीन कारणं नेहमी दिली जातात. मूल आईसमोर मोठ्यानं रडतं हे खरं आहे. रडून सांगण्यासारखं माणूस समोर असल्यावर ते रडणारच. पण त्याला काम दिलेली आई लागते. भिंतीला टेकून बघत उभ्या राहिलेल्या आईचा उपयोग तिलाही नाही आणि मुलालाही नाही. तिला असं बसवा. बिनहाताची खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. मूल तिच्या छातीला छाती लावून, दोन्ही पाय तिच्या कमरेच्या दोन बाजूंना. जो हात नको आहे तो तिच्या काखेखालून पाठीमागे. जो हवा आहे तो तिच्या बाजूनं पुढे टेबलावर, खाली उशी. एक सिस्टर कोपर आणि मनगट स्थिर धरते, दुसरी सुई लावते. मामा-मावशींची गरज उरत नाही. उताणं पाडलेलं मूल जीव खाऊन लढतं. बसलेल्या मुलाला लढायचं तेवढं कारण राहत नाही, आणि त्याला हिसडा द्यायला जागाही कमी मिळते. चक्कर येणारी आई असतेच. तिला खुर्चीतच बसवलेलं असतं, आणि नको म्हणाली तर आजी, काकी, वडील, कुणीही चालतं. जबरदस्ती तिच्यावरही नको.

इथं कोकणातली एक अडचण मांडायला हवी. "सोबत फक्त आईच" असा नियम काही ठिकाणी लावतात. बाप बोटीवर नाहीतर मुंबईत, आईच्या कडेवर दुसरं तान्हं, आणि मुलाजवळ आजी, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. मुलाला ज्या माणसाची सवय आहे ते माणूस सोबत, असा नियम हवा. बागेतल्या आणि बोटींवरच्या नेपाळी कुटुंबांची मुलं येतात, रायगडात कातकरी वाड्यांवरची येतात. त्यांना "वेदना किती तीव्र आहे" असं विचारून काय कळणार? मालवणी घरातल्या मुलाला "दुखता काय रे?" म्हटलं की ते बोट दाखवतं. नेपाळी मुलाला "दुख्छ?" एवढा एक शब्द पुरतो. असे दहा-बारा शब्द ट्रीटमेंट रूमच्या भिंतीवर लिहून ठेवायला खर्च नाही.

बोलण्यात आपण सगळेच चुकतो. "मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणायचं आणि मग चोवीस नंबरची सुई घालायची. पुढच्या वेळी ते मूल पांढरा कोट दाराशी दिसला तरी किंचाळतं. आणि घरचे लोक, "गप बस नाहीतर सिस्टर सुई टोचेल" म्हणत आम्हाला बागुलबुवा करून ठेवतात. हे वाक्य वॉर्डात बोलू नये असा फलक लावा, आम्ही आभारी राहू. खरं सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं: "हात घट्ट बांधल्यासारखा वाटेल, मग थंड लागेल, मग टोचेल, मी पाच म्हणेपर्यंत." दोन-तीन वर्षांच्या मुलाला हे अगदी आयत्या वेळी सांगावं, आधी सांगितलं तर ते तेवढा वेळ घाबरत बसतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलेलं बरं, त्याला तयारीला वेळ लागतो. आणि बोलायचं एकानंच. चौघांनी एकदम "झालं, झालं" केलं की मुलाला कोणाचंच ऐकू येत नाही. रडायची परवानगी असावी, हात हलवायची नसावी.

बधिर करणारं मलम आपल्याकडे मिळतं, लिग्नोकेन अडीच टक्के आणि प्रिलोकेन अडीच टक्के असं मिश्रण. दुकानात आहे, पण इंडेंटमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या मागणीच्या यादीत, नाही. वापरायची रीत अशी. दोन जागा निवडाव्यात, कारण एक शीर हुकली तर दुसरी तयार हवी. प्रत्येक जागी एक ते दोन ग्रॅमचा जाड थर, चोळायचा नाही. वरून पारदर्शक पट्टी, पट्टीवर पेनानं वेळ. पूर्ण ६० मिनिटं. वीस मिनिटांत पुसून टोचलं तर मलम फुकट आणि मुलाचा विश्वासही. पुसल्यावर कातडी पांढरट दिसते आणि शीर आक्रसलेली असते, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबावं. "मलम लावलं की शीर मिळत नाही" ही तक्रार या न थांबण्यामुळेच येते. तीन महिन्यांखालच्या बाळाला एकूण एक ग्रॅमच्या वर नको आणि तासाच्या वर नको, कारण प्रिलोकेनमुळे रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं सोडून देतं आणि बाळ निळं पडतं. त्याच कारणानं सल्फाची औषधं चालू असलेल्या तान्ह्या बाळाला ते टाळावं. मुलानं पट्टी चाटू नये, घसा बधिर होतो. तासभर कुठून आणायचा, असं विचाराल. ओपीडीत तासभर थांबणं ही एकच गोष्ट आपल्याकडे मुबलक आहे. मलम डॉक्टरांच्या टेबलापाशी न लावता केसपेपरच्या खिडकीपाशी लावलं की तो वेळ आपोआप कारणी लागतो. झटके आलेल्या, शॉकमधल्या मुलाला अर्थात मलमासाठी थांबवायचं नाही.

तान्ह्या बाळाला मलमाहून सोपा उपाय आहे. टोचायच्या दोन मिनिटं आधी आईला अंगावर घ्यायला सांगा आणि पिता पिताच टोचा. आई ऑपरेशन टेबलवर किंवा दुसऱ्या वॉर्डात असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज, पूर्ण दिवसांच्या बाळाला एक ते दोन मिली, थेंबथेंब जिभेच्या टोकावर, दोन मिनिटं आधी. गुण पाच-सात मिनिटं टिकतो. कमी दिवसांच्या बाळाला काही थेंबच, आणि पोट फुगलेल्या किंवा तोंडानं काही द्यायचं नाही अशा बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एका बाळासाठी फोडलेली कुपी दुसऱ्यासाठी ठेवू नये, आपल्या दमट हवेत साखरेचं पाणी लगेच बिघडतं. आणि मध नाही. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. रक्ताचा नमुना थोडा जास्त लागणार असेल तर टाच पुन्हा पुन्हा टोचून दाबण्यापेक्षा हाताच्या मागच्या शिरेतून एकदाच घेतलेला बाळाला कमी दुखतो.

"तान्ह्याला काय कळतंय, विसरून जाईल" हे अजून ऐकू येतं. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा भुलीशिवाय होत. भारतात जन्मलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की पुरेशी भूल न दिलेल्या बाळांच्या शरीरात तणावाची संप्रेरकं उसळतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांची गुंतागुंतही वाढते. १९९७ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी पाहिलं, की जन्मानंतर बधिर न करता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लसीच्या वेळी इतरांपेक्षा जास्त रडतात. बाळ विसरत नाही, त्याचं शरीर लक्षात ठेवतं. आईला वॉर्डात ठेवावं अशी शिफारस तर इंग्लंडच्या प्लॅट समितीनं १९५९ मध्येच केली होती. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नवजात कक्षात आईवडिलांना काळजीत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये काढली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात असं आढळलं, की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच, प्रकृती पूर्ण स्थिरावण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. त्यासाठी आई नवजात कक्षाच्या आत लागते. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी जाळीच्या दाराबाहेर चपला सांभाळत बसलेली असते.

आता सुई लागल्यानंतरचं. आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

पावसाळ्यात घामानं आणि दमटपणानं चिकटपट्टी सुटते. म्हणून आपण काय करतो? औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापसात गुंडाळून हाताखाली घालतो आणि बोटांपासून कोपरापर्यंत रोलर बँडेज गुंडाळतो. हात छान पांढराशुभ्र दिसतो. आत सलाईन शिरेबाहेर पसरत असतं आणि कुणाला दिसत नाही. पुठ्ठा ओला होतो, वास येतो, दोन दिवसांत बुरशी धरतो. मूल रात्रभर रडतं आणि "सलाईनमुळे चिडचिड करतंय" असं लिहिलं जातं. सकाळी बँडेज सोडल्यावर हात टरटरून सुजलेला, आणि त्यातून कॅल्शियम ग्लुकोनेट किंवा साडेबारा टक्क्यांहून कडक डेक्स्ट्रोज जात असेल तर कातडी जळलेली.

याला आमचा उपाय असा. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावं, निदान तीस सेकंद. ओल्या कातडीवर पट्टी चिकटत नाही आणि जंतूही मरत नाहीत. सुईच्या जागेवर पारदर्शक पट्टी, म्हणजे टोक जिथं आहे ती कातडी दिसत राहते. आधाराला धुता येणारी, फोम लावलेली पट्टी. बोटांची टोकं उघडी, अंगठा मोकळा, आणि चिकटपट्टी हाताभोवती पूर्ण गोल न फिरवता. मूल जो अंगठा चोखतं तो हात शक्यतो सोडावा. दर तासाला तीन गोष्टी: बघा, हात लावा, दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. गार, ताठ, पांढरट किंवा जाड लागला तर लगेच बंद करून काढा आणि हात उंच ठेवा. औषध जाईना म्हणून सिरिंजचा जोर लावणं हा गुन्हा समजावा. आणि दोन प्रयत्न झाले की तिसरा दुसऱ्या व्यक्तीनं करावा, तोही मुलाला दहा मिनिटं आईकडे देऊन, हात कोमट कपड्यात ठेवून. ज्येष्ठ सिस्टरलाही हा नियम लागू, डॉक्टरांनाही.

सलाईनच्या थेंबांचा एक गोंधळ वारंवार होतो, म्हणून आकड्यांत मांडतो. बारा किलोच्या मुलाला रोजच्या गरजेपुरतं सलाईन तासाला ४४ मिली बसतं: पहिल्या दहा किलोंना किलोमागे ४ आणि पुढच्या दोन किलोंना किलोमागे २. लहान थेंबाच्या ब्युरेट सेटमध्ये (सलाईनच्या बाटलीखाली मापाचं छोटं भांडं असलेला सेट) ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला ४४ थेंब. साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला जेमतेम १५. ब्युरेट संपले म्हणून साधा सेट लावला आणि केसपेपरवरचे "४४ थेंब" तसेच सोडले, तर तासाला १३२ मिली जातात, तिप्पट. ब्युरेटमध्येही एका वेळी एक-दोन तासांपुरतंच भरावं, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी अख्खी बाटली अंगात जात नाही. ब्युरेट सेट संपणं ही बालवॉर्डात स्टोअरची अडचण म्हणून चालवून घेण्यासारखी गोष्ट नाही.

पॅरासिटामॉलचंही असंच. दहा किलोच्या मुलाला किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे दीडशे मिलिग्रॅम. पाच मिलीत १२५ असलेलं सिरप सहा मिली, पाच मिलीत २५० असलेलं तीन मिली, आणि मिलीला १०० असलेले ड्रॉप्स दीड मिली. केसपेपरवर "सिरप एक चमचा" लिहिलं तर यातलं काय द्यायचं? मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहावं, ही डॉक्टरांना हात जोडून विनंती. हे सगळं वजनावर उभं आहे आणि खाऱ्या हवेत स्प्रिंगचे काटे गंजतात. एक किलोच्या मिठाच्या पाच सीलबंद पिशव्या ठेवून दर सोमवारी काटा तपासता येतो. पावसात भिजून आलेल्या मुलाचं वजन ओल्या कपड्यांवर घेऊ नये.

ड्रेसिंगबद्दल थोडक्यात. भाजलेल्या मुलाला दुखण्याचं औषध ड्रेसिंगची ट्रॉली दिसण्याआधी पाऊण तास द्यायला हवं. ट्रॉलीबरोबर दिलं तर ड्रेसिंग संपल्यावर गुण येतो. चिकटलेली जाळी सलाईननं दहा मिनिटं भिजवावी, ओढू नये. विळीवर, कोयत्यावर कापलेल्या जखमेला टाके घालताना दोन टक्के लिग्नोकेनमध्ये तेवढंच सलाईन घालून एक टक्का करावं, बारीक सुईनं जखमेच्या आतल्या कडेतून हळू सोडावं आणि पाच मिनिटं थांबावं. किलोला ४ मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणजे दहा किलोला एक टक्क्याचं चार मिली. आणि झोपेचं सिरप म्हणजे वेदनेचं औषध नव्हे. ते पाजून टाके घातले तर मूल दुखण्यानं जागं होतं, शिवाय गुंगीत त्याचा श्वास मंदावतो. पल्स ऑक्सिमीटर लावल्याशिवाय आणि जवळ माणूस बसल्याशिवाय ते देऊच नये.

ऑपरेशनच्या उपासाबद्दल तर लाजच वाटावी. "रात्री बारापासून काही नाही" असं सगळ्यांना सरसकट सांगितलं जातं आणि मुलाचा नंबर दुपारी एकला लागतो. तेरा तास उपाशी मूल सुकतं, साखर उतरते, शिरा बसतात, आणि मग सुई चार वेळा टोचावी लागते. नियम साधा आहे: पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, गाईचं किंवा डब्याचं दूध आणि हलकं खाणं सहा तास. पेज पाण्यासारखी दिसली तरी ती अन्नात मोजायची. आजी "फक्त पेज दिली" म्हणते आणि भूलतज्ज्ञ नंबर रद्द करतात, म्हणून हे आजीलाच सांगावं, शब्द वापरून, "पेजसुद्धा नाही". कोकमाचं सरबत ऑपरेशनच्या आधी नको आणि डेंग्यूच्या मुलालाही नको. उलटी लाल झाली की रक्त की कोकम, हे ठरवण्यात वॉर्डाची रात्र जाते.

विंचवाचा विषय कोकणापुरता स्वतंत्र आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ऐंशीच्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे ब्लडप्रेशर उतरवणारं औषध वापरून दाखवलं आणि आता ते सगळीकडे दिलं जातं. घाम, उलट्या, लाळ, गार हातपाय दिसले की किलोला ३० मायक्रोग्रॅम तोंडानं, म्हणजे पंधरा किलोला साधारण अर्धी एक मिलिग्रॅमची साधी गोळी. हळूहळू सुटणारी एक्सएल गोळी कुटून देऊ नये. परिचर्येत चूक होते ती पुढे. पहिल्या डोसनंतर मूल उभं केलं किंवा उचललं तर ब्लडप्रेशर कोसळतं. आणि रडणाऱ्या मुलाला आई काय करणार? खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारणार. दाराबाहेर ठेवलेल्या आईला हे कुणी सांगितलेलंच नसतं. आत बसलेली आई तीन तास मुलाशेजारी आडवी होऊन त्याला थोपटू शकते. फुरशाच्या किंवा घोणसाच्या दंशात रक्त गोठत नसतं, म्हणून सुई पहिल्याच प्रयत्नात लागणं इथं सगळ्यात महत्त्वाचं. स्नायूत इंजेक्शन टाळावं, आणि वीस मिनिटांची गोठण्याची चाचणी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीतच करावी. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत ती फसवते. घरचे म्हणतात, "मूल लहान आहे, लस अर्धी द्या." विषाचं प्रमाण मुलाच्या वयावर ठरत नाही, म्हणून डोस मोठ्यांएवढाच, हे त्यांना आधीच समजावून सांगावं.

वेदना मोजायला यंत्र लागत नाही. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी. बेरीज चार किंवा जास्त आली की काहीतरी करायचं आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजायचं. हा रकाना तापाच्या तक्त्यावरच छापून द्या. वेगळा कागद दिला तर तो भरला जाणार नाही, हे आम्ही आमच्याबद्दलच प्रामाणिकपणे सांगतो. नाकातली नळी बरोबर पोटात आहे का हे हवा सोडून आवाज ऐकण्यावरून ठरवू नये, आम्लता दाखवणाऱ्या पीएच कागदाची पुडी द्यावी. साडेपाच किंवा कमी आला तरच दूध सोडू.

लेखी आदेशात आम्हाला एवढं हवं आहे. सुई, ड्रेसिंग, नळी, कुठल्याही कामाच्या वेळी मुलाची सवयीची व्यक्ती आत राहील. कॉटवर टोचाटोची होणार नाही, त्यासाठी वेगळी खोली किंवा निदान पडदा लावलेला कोपरा असेल, म्हणजे पलंगावर तरी मुलाला निर्धास्त झोपता येईल. दोन प्रयत्नांची मर्यादा. सुईवर रोलर बँडेज बंद. रात्री दहा ते पाच या वेळात तब्येतीला गरज नसलेली तपासणी, वजन, बेडशीट बदलणं नाही. आणि इंडेंटमध्ये मलम, पारदर्शक पट्ट्या, ब्युरेट सेट, पिवळ्या आणि जांभळ्या, म्हणजे बारीक, सुया, तोंडानं औषध देण्याच्या वेगळ्या सिरिंज. वेगळ्या यासाठी, की साध्या सिरिंजमधलं सिरप चुकून सलाईनमध्ये जाऊ शकतं. रात्रपाळीला बालवॉर्डात दुसरी सिस्टरही लागेल. एकटीनं मूल धरून त्याच हातानं सुई लावता येत नाही.

अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना मांडीवर बसवून सुई लावण्याची पद्धत पहिल्या पोस्टिंगलाच दाखवायला आम्ही तयार आहोत, ड्युटीनंतर, मानधन न घेता. बिनहाताच्या खुर्च्यांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जायची गरज नाही, जुन्या ओपीडीच्या गोदामात पडलेल्या लाकडी खुर्च्यांचे हात सुतार अर्ध्या दिवसात काढून देईल. आदेश गणपतीच्या आधी निघाला तर बरं. चाकरमानी मुलांना घेऊन गावी येतात, वॉर्डात गर्दी होते, आणि त्याच दिवसांत डेंग्यूही भरात असतो.

कळावे,
आपल्या नम्र,
किनारपट्टीवरच्या बालवॉर्डांत काम करणाऱ्या अधिपरिचारिका आणि परिचारक